नादारीला लंडन कशाला?

पत्र बरंच लांब आहे. नावं-गावं काढून त्यातलं कामाचं तेवढं देतो.

"काका, माझं वय ३९. बेळगावला उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करतो, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन). व्हीएमसीच्या बँक कर्जातले १४ लाख बाकी आहेत. एका सौहार्द सहकारी सोसायटीचे ८ लाख, त्याला माझे मामा आणि शाळेपासूनचा एक मित्र जामीन. फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन ५ लाख. बायकोच्या सोन्यावर ३ लाख. मोबाईलवरच्या ॲपांचे मिळून दीड लाख. हे हप्ते भरायला म्हणून एकाकडून शेकडा पाचनं ६ लाख उचलले, त्याच्याकडे माझे सही केलेले तीन कोरे चेक आहेत. माझे एका मोठ्या पार्टीकडून ९ लाख यायचेत. दीड वर्ष झालं, 'पुढच्या महिन्यात बघू' चाललंय.

आता एक एजंट भेटलाय. १४ लाखांत इंग्लंडला केअर होममध्ये कामाला लावतो म्हणतो. तिथं राहून दिवाळखोरी जाहीर करायची, वर्षात माणूस मोकळा. जर्मनी, आयर्लंडचे लोकही असंच करायचे म्हणे. मग इथलं कोणी मागू शकत नाही. गावाकडची २० गुंठे जमीन विकून एजंटाचे पैसे भागवावे आणि राहतं घर भावाच्या नावावर करून जावं असं मनात आहे. बायकोला शेकडा पाचवाल्याचं माहीत नाही. काय करू?"

साडेसदतीस लाख. पत्रात तुम्ही आकडे सगळे दिलेत, बेरीज मात्र केली नाही, म्हणून मी केली. तीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा वसुलीत. कर्ज गळ्याशी आलेला माणूस प्रत्येक हप्ता तारखेसकट सांगतो, पण एकूण किती विचारलं की छताकडं बघतो. तुम्ही पहिले नाही.

एजंटाचं सगळंच खोटं असतं तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं. त्यातलं काही खरं आहे, म्हणून बसून सांगावं लागतंय.

इंग्लंडमध्ये २००४ पासून दिवाळखोर माणूस साधारण १२ महिन्यांत कर्जातून मोकळा होतो. त्याच काळात जर्मनीत सहा वर्षं थांबावं लागायचं आणि आयर्लंडमध्ये तर बारा. २००८ नंतर आयर्लंडमध्ये घरबांधणीचा धंदा बसला, तेव्हा तिथले बिल्डर खरोखरच इंग्लंडला बिऱ्हाड हलवून तिथल्या कोर्टात उभे राहिले. जर्मनीतूनही लोक गेले. पण हे चाललं ते एका गोष्टीमुळं. युरोपियन युनियनचा नियम होता की ज्या देशात माणसाचा खरा कारभार चालतो तिथल्या कोर्टाचा दिवाळखोरीचा हुकूम बाकीच्या सदस्य देशांनी मानायचा. म्हणून लंडनचा कागद जर्मनीतल्या बँकेला गप्प बसवायचा. त्यातही पुढं कोर्टं खोदून विचारू लागली, की बाबा, तू इथं खरंच राहतोस की नुसती भाड्याची पावती घेऊन आलास? नंतर आयर्लंडनं आपली मुदत आधी तीन आणि २०१६ मध्ये एका वर्षावर आणली, जर्मनीनं २०२० मध्ये तीन वर्षांवर, आणि ब्रिटन तर युनियनमधूनच बाहेर पडलं. एजंट तुम्हाला जी वाट दाखवतोय ती ज्यांच्यासाठी होती त्यांचीसुद्धा आता बुजली आहे.

आपण त्या वाटेवर कधी नव्हतोच. तुमचे कर्जाचे करार भारतीय कायद्याखालचे, बँक इथली, सोसायटी इथली, जामीन इथले. लंडनच्या अधिकाऱ्यानं तुम्हाला मोकळं केलं म्हणून बेळगावच्या कोर्टानं दावा फेकून द्यावा अशी सोय नाही. तुम्ही तिथं मोकळे आणि इथं बाकीदार, असं दोन्ही एकाच वेळी राहाल. आईच्या आजारपणाला विमानतळावर उतरलात की पुन्हा बाकीदार.

आणि उलटं मात्र होतं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मल्ल्याचं उदाहरण तुमच्या डोक्यात असणार. शेडच्या बाहेरच्या चहाच्या गाड्यावर ते निघतंच. 'मोठे पळाले, त्यांचं काय झालं?' तर झालं असं. बेंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणानं २०१७ च्या जानेवारीत बँकांच्या बाजूनं निकाल दिला, तो निकाल घेऊन बँका लंडनच्या हायकोर्टात गेल्या आणि २६ जुलै २०२१ रोजी त्याला तिथं दिवाळखोर जाहीर करून घेतलं. त्यानं मागितलं नव्हतं, बँकांनी मागितलं. म्हणजे इथलं कर्ज तिथं पोचतं, तिथली माफी इथं पोचत नाही.

आणखी एक कलम सांगतो, कारण ते ऐकून माझ्यासमोर बसलेल्या दोघा-तिघांनी पासपोर्ट खिशात परत घातलाय. तुम्हाला वाटत असेल तीन वर्षं बाहेर काढली की दाव्याची मुदत संपेल. मुदतीच्या कायद्यात कलम १५ आहे. कर्जदार भारताबाहेर असेल तेवढा काळ दावा लावायच्या मुदतीत धरतच नाहीत. तुम्ही विमानात बसलात की घड्याळ थांबलं, उतरलात की चालू. दावा लागून डिक्री झाली तर तिची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावायला पुढं बारा वर्षं.

केअर होमचं एका ओळीत. बाहेरून नवीन केअर वर्कर आणणं ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. तुमच्या एजंटाला हे माहीत नसेल तर तो एजंट कसला, आणि माहीत असेल तर तुमची २० गुंठे कुठं जाणार ते तुम्हीच ओळखा.

आता थोडं आपल्या भागाचं. ही कल्पना तुम्हाला पटली याचं मला नवल वाटत नाही. आपण सीमेवर वाढलेली माणसं. शिनोळीची कमान ओलांडली की राज्य बदलतं, पाटी बदलते, गाडीचा नंबर केए २२ चा एमएच ०९ होतो. चोर्ला घाट उतरला की दारूचा भाव बदलतो. पलीकडं गेलं की नियम वेगळा, हे आपल्याला पोरवयापासून अंगवळणी पडलेलं आहे. म्हणून कर्जाचंही तसंच असेल असं वाटतं. पण बेळगावची डिक्री पोस्टानं कोल्हापूरला जाते आणि तिथं तिची दरखास्त चालते. कर्जाला सीमाप्रश्न नाही.

खरं तर मला तुमच्या मामांबद्दल बोलायचंय. पत्रात त्यांना तुम्ही अर्धी ओळ दिलीत.

नोकरीत असताना एकदा खानापूर तालुक्यातल्या एका गावात नोटीस घेऊन गेलो होतो. कर्जदार मस्कतला निघून गेलेला, म्हणून जामीनदाराकडं. सुगीचे दिवस, अंगणात भाताची वाळवण. म्हातारबांनी आधी ताक दिलं, मग कागद घेतला. नोटीस कन्नडमध्ये. घरात मराठीच बोलणारी माणसं, नातवाला हाक मारली, तो आठवीत होता, त्यानं अडखळत वाचली. ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "मस्कत म्हणजे गोव्याच्या पलीकडं काय?" मी हो म्हटलं. समजावत बसायचं धैर्य झालं नाही. थोडा वेळ ते गोठ्याकडं बघत होते. पुढच्या आठवड्यात बँकेत आले तेव्हा धोतराच्या सोग्यात पैसे होते, म्हशीचे. काउंटरवरच्या मुलीनं मोजले, पावती दिली, आणि ती पावती त्यांनी चार घड्या घालून टोपीत ठेवली. कर्ज त्यांचं नव्हतं. सही त्यांची होती.

करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. सोसायटीनं आधी तुम्हाला गाठावं आणि मग मामांना, असंसुद्धा बंधन नाही. तुम्ही इंग्लंडला असलात तर वसुली अधिकारी सोपं घर बघणार. मी पण तेच करत होतो, लपवत नाही.

आता तुम्हाला जे हवंय त्याबद्दल. दिवाळखोरी. ती बेळगावात आहे हो. कोर्टाच्या भाषेत तिला नादारी म्हणतात. आमच्या वेळी शाळेत गरीब पोराची फी माफ व्हायची तिलाही नादारीच म्हणायचे. मला सातवीपर्यंत होती. वर्गात नाव वाचलं जायचं तेव्हा कान गरम व्हायचे, पण फी माफ व्हायची.

कायदा १९२० चा आहे, प्रांतिक नादारी कायदा. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला, पण साध्या व्यक्तींच्या कर्जाचा त्यातला भाग अजून लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्यांना लागू झालाय. तुमची कंपनी नाही, एकट्याच्या मालकीचा धंदा आहे, तेव्हा तुम्हाला जुनाच. अर्ज जिल्हा न्यायालयाकडं. देणं ५०० रुपयांच्या वर पाहिजे ही अट आहे. १९२० चे ५०० रुपये कुणी बदलले नाहीत, म्हणून हसू नका, पात्र तर तुम्ही आहातच.

अर्ज मंजूर झाला की तुमची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, त्यातून देणेकऱ्यांना वाटणी होते, अटकेपासून संरक्षण मागता येतं, आणि शेवटी मुक्ततेचा हुकूम. पण हे सगळं लवकर होत नाही आणि फुकटही नाही. तुमची मालमत्ता बिनतारणी देण्याच्या रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नसेल तर हे माझ्या चुकीनं झालं नाही हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. तिथं ते ९ लाख अडकवून ठेवलेल्या पार्टीची बिलं तुमच्या कामाची. मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या नसतील तर तेही तुमच्या विरुद्ध जातं. सरकारी देणं आणि फसवून घेतलेलं कर्ज यातून सुटत नाही. बँकेचं मशीनवरचं तारण तसंच राहतं. मुक्तता होईपर्यंत नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांच्या वर उधारी केली तर तोही गुन्हा. पन्नास! किराणा दुकानात सांभाळून. आणि हो, ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. ती इच्छा असेल तर आत्ताच सोडा.

तुम्हाला कोणी सांगणार नाही असा भाग पुढं आहे. याच कायद्याच्या कलम ६ मध्ये नादारीची कृत्यं दिलीत. देणेकऱ्यांना चुकवायच्या हेतूनं देश सोडून जाणं हे त्यातलं एक. म्हणजे तुम्ही इंग्लंडला गेलात तर तुमच्यावर इथं नादारीचा अर्ज देणेकरीच करू शकतो, तुमच्या गैरहजेरीत. घर भावाच्या नावावर करायचा बेतही सोडा. बक्षीसपत्र करून दोन वर्षांच्या आत नादार ठरलात तर कोर्ट ते रद्द करू शकतं, मग भाऊसुद्धा कोर्टाच्या पायऱ्या चढणार. आजवर तुमचं देणं थकलंय, एवढंच. घर फिरवलंत की ते लबाडीच्या रांगेत जाऊन बसतं.

आणि एक प्रामाणिकपणे सांगतो. नादारीनं तुम्ही सुटलात तरी जामीन सुटत नाहीत, कायद्यातच तसं लिहिलंय. म्हणून माझ्या मते तुमचा रस्ता नादारीचासुद्धा नाही, निदान आज तरी नाही. ती शेवटची. पण ती जवळ आहे हे ठाऊक असलं की बोलणी करताना कणा जरा ताठ राहतो, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

आज काय? तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत. ९ लाख येणं आहे! साडेसदतीस देणं असलेल्या माणसाचं ९ लाख येणं, आणि तो फोन करून 'पुढच्या महिन्यात' ऐकतो. तुमची उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असेल तर २००६ चा लघुउद्योग कायदा तुमच्या बाजूनं आहे. ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, तेही दर महिन्याला. सरकारी पोर्टलवर तक्रार घालता येते, ती राज्याच्या परिषदेपुढं जाते. 'पुन्हा काम मिळणार नाही' ही भीती मला कळते. पण दीड वर्ष पैसे न देणाऱ्याकडून पुन्हा मिळणारं काम म्हणजे आणखी थकबाकी.

दुसरा शेकडा पाचवाला. सहा लाखांवर महिन्याला ३० हजार, वर्षाला ३ लाख ६० हजार. कर्नाटकात परवानाधारक सावकारालाही बिनतारणी कर्जावर वर्षाला १६ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. त्या दरानं तेच व्याज वर्षाला ९६ हजार होतं. याच्याकडं सहकार खात्याचा परवाना आहे का, ते विचारा, म्हणजे वकिलाकडून विचारा. जास्त व्याजाला २००४ चा वेगळा कायदा आहे, आणि सक्तीच्या वसुलीवर २०२५ मध्ये कर्नाटकानं नवा कायदा केलाय, त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो कोणाला किती लागू होतो हे वकील कागद बघून सांगेल. आजवर त्याला जे दिलंत त्याची तारीखवार यादी काढा, गूगल पे नाहीतर फोनपेवरून दिलं असेल तर तेच पुरावा. कोऱ्या चेकांची भीती मात्र खरी आहे. चेक वटला नाही की कलम १३८, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, आणि तो फौजदारी खटला नादारीनं थांबत नाही. म्हणून चेक कधी, कशासाठी, कोरे दिले याची नोटीस आधी आपल्याकडून जाऊ दे. त्यानं टाकल्यावर सांगितलं तर कोण ऐकतो?

व्हीएमसी विकायचं ठरलं तर गिऱ्हाईक तुम्ही आणा आणि बँकेच्या लेखी परवानगीनं विका. बँकेनं ओढून नेलेल्या मशीनचा लिलाव मी पाहिलाय. शेडमध्ये तेल पुसून ठेवलेलं मशीन आणि गोदामात चार महिने पाणी खाल्लेलं मशीन यांचा भाव एक येत नाही. लेथ शक्यतो हातातून घालवू नका. जप्तीच्या कायद्यात कारागिराची हत्यारं, जेवणाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि बायकोचं मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. लेथ हत्यारात बसतो का यावर वकील भांडतील, पण भांडायला जागा आहे. ते ३ लाखांचं सोनं मात्र तारणात आहे. लिलावाची नोटीस येण्याआधी त्यातलं थोडं विकून बाकीचं सोडवता येतं का ते बघा.

फायनान्सवाले आणि ॲपवाले ओरडतील जास्त, पण ते शेवटी. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन आला की वेळ लिहून ठेवा. नुसतं पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच सांगितलंय. फोनवरचा पोरगा अटकेची धमकी देतो तेव्हा हे आठवा.

पहिला पैसा सोसायटीला. व्याज कमी म्हणून म्हणत नाही, मामांची सही तिथं आहे म्हणून. २० गुंठे विकायचीच वेळ आली तर ती एजंटासाठी नको, सोसायटीच्या एकरकमी परतफेडीसाठी असू दे. मार्चच्या आधी वसुलीचा ताण असतो तेव्हा संचालक व्याजात सूट द्यायला तयार होतात. किंवा लोकअदालतीत बसा, तिथला निवाडा पक्का असतो, वर अपील नाही. जे ठरेल ते कागदावर घ्या, आणि कागद कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी कोणाकडून तरी शब्द न् शब्द वाचून घ्या. माझ्या टेबलावर कित्येक मराठी माणसांनी न वाचता सह्या केल्यात, आणि मीही त्या दिवसाचं टार्गेट बघून बोट ठेवलंय, 'इथं करा'.

बायकोला आज सांगा, जेवायच्या आधी नको, जेवण झाल्यावर. साडेसदतीसच सांगा, साडेएकतीस नको.

मग रविवारी मामांकडं जा. फोन करून जाऊ नका. फोनवर ते 'असू दे रे, बघू' म्हणतील आणि तुम्ही सुटल्यासारखे परत कामाला लागाल. समोर बसलात की किती राहिलंय ते विचारतील, आणि तुम्ही सांगाल.